पंधरा पोर्ट, पाच शिक्के

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी चो चिन-श्वेई यांनी स्वतः जुळवलेल्या संगणकाचे यूएसबी पोर्ट मोजले. ते सव्वीस भरले. त्यांपैकी पंधरा चालत होते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की चालणारे पुन्हा पंधराच भरत. फक्त ते मघाचे पंधरा नसत.

मानवाच्या हातून आजवर जी मोठी कामे झाली, आणि जी होता होता राहिली, त्या सर्वांच्या मुळाशी एकच वाक्य आढळते: 'विकत कशाला आणायचं, मी घरीच करतो.' चो हे वाक्य ४ सप्टेंबरला जेवताना, तोंडात घास असताना बोलले. पुढचे सर्व त्या घासाबरोबर गिळल्यासारखे झाले. परत घेण्याची सोय राहिली नाही.

चो अडुसष्ट वर्षांचे. तंत्रनिकेतनात पाच वर्षे वीजविद्या शिकून ते तैवानातल्या थाओयुआनच्या एका कारखान्यात लागले आणि संगणकाचे मदरबोर्ड तपासणाऱ्या विभागात एकतीस वर्षे राहिले. प्रत्येक तुकडीच्या कागदावर त्यांचा लाल शिक्का असे, आणि शिक्क्याशिवाय त्यांनी एकही तुकडी पुढे जाऊ दिली नाही. एकदा मालक स्वतः खाली येऊन म्हणाले, "चो, ट्रक उभा आहे, शिक्का नंतर मार." चोंनी ट्रक चार तास उभा ठेवला. बोर्डांत दोष काहीच नव्हता. दोष नाही हे चार तासांनी कागदावर आले, एवढाच फरक. (निवृत्तीच्या समारंभात हा प्रसंग तिघांनी सांगितला. तो कौतुक म्हणून सांगितला, असे चो समजतात.)

त्यांच्या पत्नी लियाओ यू-ल्वान नानक्वान गातात. म्हणजे ज्या जुन्या संथ गायकीत एक शब्द संपेपर्यंत पुढ्यातला चहा निवतो, ती. त्यांच्या गुरू यो बाई एक्याऐंशी वर्षांच्या. लूकांगहून त्या वर्षाकाठी एकदा मुलीकडे येतात आणि येताना पिपा हे तंतुवाद्य घेऊन येतात. या खेपेला त्यांच्या गळ्यातल्या अकरा चिजा नीट टिपून ठेवायच्या असे यू-ल्वान यांच्या गायन मंडळाने ठरवले होते. मंडळाला ज्या कार्यक्रमाची सवय होती, तो ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम फक्त सफरचंदवाल्या कंपनीच्या संगणकप्रणालीवर चालतो.

"अहो, सरळ दुकानात जाऊ, तो डबा घेऊ, घरी येऊ," यू-ल्वान म्हणाल्या होत्या. "दुपारच्या जेवणाच्या आत होईल."

"त्या डब्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. आयुष्यभर तेच तपासलंय."

"डब्यात काय असतं ते कुठे विचारलं मी? तो चालतो. एवढंच मला माहीत आहे."

त्यावर चोंनी वरील वाक्य उच्चारले. दुसऱ्या दिवशी ते कुआंगह्वा बाजारात जाऊन सुटे भाग घेऊन आले, आणि महिन्याभरात सफरचंदवाली प्रणाली त्या परक्या यंत्रावर उतरवली. (ही प्रणाली आपल्याच यंत्रावर चालवावी, असे कंपनीच्या करारात लिहिलेले आहे. करार कुणी वाचत नाही. चोंनी तो दोनदा वाचला, त्यातील शुद्धलेखनाच्या तीन चुकांवर खुणा केल्या आणि पुढे चालू लागले.) पडद्यावर चित्र आले, आवाज आला. फक्त बाहेरून काही जोडले की यंत्र ते कधी ओळखी, कधी नाही. घरी आलेल्या पाहुण्याला एकदा 'या, बसा' आणि एकदा 'आपण कोण?' म्हणावे, तसा प्रकार.

१३ तारखेला सकाळी यू-ल्वान बाईंनी मायक्रोफोनची पेटी जोडून पाहिली. यंत्राने 'आपण कोण?' असे विचारले. तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आता माझं ऐका. वीस तारखेला सकाळी दहाला बाई येणार, बाराच्या बसने जाणार. तुमच्या यंत्राने त्यांचा आवाज टिपला, तर मी जन्मात तुमच्या खोलीचं नाव काढणार नाही. नाही टिपला, तर मागची खोली मंडळाची. तुमचे स्क्रू, तुमच्या डब्या, सगळं बाल्कनीत."

"सात दिवस खूप झाले."

"तुम्ही सप्टेंबरातही हेच म्हणालात."

मागची खोली तीन मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद आहे. तीत चारशे बारा डब्या आहेत, आणि प्रत्येकीवर आत काय आहे ते चोंच्या अक्षरात लिहिलेले आहे. चुंगहो उपनगरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात इतर कुठेही चो बसले की 'जरा सरकता का' असे ऐकू येते. मागच्या खोलीत ते गेली आठ वर्षे एकदाही सरकलेले नाहीत. पैजेत काय लागले होते, हे यावरून ध्यानात यावे.

चोंनी प्रथम दोषाचे मूळ शोधले. ते असे. सफरचंदवाली प्रणाली एका नियंत्रकाखाली पंधराच पोर्ट मानते. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांना खाचाच मोजक्या, त्यामुळे हा नियम तिथे कुणाला टोचत नाही. पण चोंचा बोर्ड तैवानी. आणि तैवानी कारखानदाराला खाच ठेवता येईल तिथे ती न ठेवणे हे कोंबडी पूर्ण न खाता उठण्यासारखे वाटते. मागे आठ खाचा, पुढे तीन. शिवाय निळी खाच दिसायला एक असली तरी तीत दोन पोर्ट नांदतात: एक जुन्या संथ वस्तूंसाठी, दुसरा नव्या वेगवान वस्तूंसाठी. आतल्या अदृश्य जागा धरून एकूण सव्वीस. सव्विसांनी पंधरा खुर्च्यांवर बसायचे म्हटले की जे होते, ते होत होते.

उपायही ज्ञात होता. पंधराची मर्यादा तात्पुरती उठवायची, प्रत्येक खाचेत आधी संथ आणि मग वेगवान पेन ड्राइव्ह खुपसून कोणता पोर्ट जागा होतो ते लिहायचे, सव्विसांतून पंधरा निवडायचे, त्यांचा नकाशा यंत्राच्या स्वाधीन करायचा आणि मर्यादा पुन्हा लागू करायची. कुणाही शहाण्या माणसाला हे काम दोन तासांत जमते. चो शहाणे नव्हते, प्रशिक्षित होते. त्यांनी प्रत्येक खाच तीनदा तपासली, तीन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हनी, आणि दर वेळी यंत्र बंद-चालू केले. आड येऊ नये म्हणून बिनवायरी कीबोर्ड आणि माउस या दोघांचा मिळून जो नखाएवढा तुकडा असतो, तो त्यांनी समोरच्या उजव्या खाचेत सरकवून दिला. सोमवार गेला. मंगळवारी दुपारी साडेचारला नकाशा पूर्ण झाला. तो अचूक होता. सव्वीस ओळी, तीन रंगांची पेन्सिल, खाली शिक्का.

बुधवारी सकाळी चोंनी फर्मवेअर अद्ययावत केले.

फर्मवेअर म्हणजे वीज आल्यावर यंत्र डोळे चोळत जे पहिले काही पुटपुटते, ते. चोंच्या बोर्डाची नवी आवृत्ती निघाली होती आणि तिच्या माहितीत चारच शब्द होते: 'यंत्राच्या स्थैर्यात सुधारणा केली.' यंत्र मंगळवार संध्याकाळपासून स्थिरच होते. परंतु जे चालत आहे ते सुधारून पाहणे हे ज्याच्या रक्तात नाही, त्याने अभियंता म्हणवून घेऊ नये. अद्ययावत व्हायला सहा मिनिटे लागली. त्यानंतर यंत्र आधीपेक्षा स्थिर झाले, म्हणजे हलेचना.

सतरा सेटिंगा पुसल्या गेल्या होत्या. त्या वहीत होत्या, म्हणून चोंनी एकेक करून परत भरल्या. यंत्र उठले. पण नव्या फर्मवेअरने पोर्टांचे क्रमांक आपल्या सोयीने फिरवले होते. काल जो तिसरा होता तो आज सातवा झाला, सातवा होता तो अकरावा, आणि अकरावा होता तो कुठे गेला हे त्याने कळवले नव्हते. मंगळवारचा अचूक नकाशा आता दुसऱ्याच कुठल्यातरी गावाचा होता.

यू-ल्वान दारात आल्या. "चाललं?"

"मंगळवारी चालत होतं."

"आज बुधवार आहे."

"सुधारणा केली."

"कुणी सांगितली होती?" एवढे विचारून त्या खोलीकडे अशा पाहू लागल्या, जसे भाडेकरू घर पाहायला आल्यावर पाहतो. मग त्यांनी पावलांनी भिंत मोजली.

त्या दुपारी चोंनी यंत्रावर हिरवी पुडी ठेवली. नारळाच्या स्वादाच्या मक्याच्या कुरकुरीत नळ्यांची ही पुडी तैवानात जिथे यंत्र आहे तिथे असते: बँकेत, इस्पितळात, वेधशाळेत. ती असली की यंत्र शहाण्यासारखे वागते. पुडी हिरवीच हवी. पिवळी ठेवली तर यंत्र धास्तावते, लाल ठेवली तर बंद पडते. मुदत संपलेली चालत नाही. आणि ती फोडायची नाही, मग भूक लागो वा न लागो. चो तंत्रनिकेतनात शिकलेले असल्यामुळे त्यांचा या गोष्टीवर विश्वास नाही. कारखान्यात त्यांच्या देखरेखीखाली अशा चोवीस पुड्या होत्या आणि मुदतीच्या तारखांचे रजिस्टर त्यांनीच सुरू केले होते. ते केवळ शिस्त म्हणून.

पुन्हा नकाशा करायचा म्हणजे पुन्हा पंधरा निवडायचे. मंगळवारी ही निवड चोंनी एकट्याने केली होती. बुधवारी त्यांना वाटले, दैवाने जो दणका दिला तो बहुधा याच मनमानीबद्दल असावा. तेव्हा गुरुवार, १७ ऑक्टोबर रोजी सायंकाळी साडेपाच वाजता त्यांनी घरातल्यांची सभा बोलावली. हजर पाच: स्वतः चो, यू-ल्वान, मुलगा पो-यान, सून च्या-रू आणि चोंची थोरली बहीण पाओ-चू. या पाओ-चू दुसऱ्या मजल्यावर राहतात; पण तिथे ऊन येत नाही म्हणून त्यांच्या माशांची टाकी भावाच्या मागच्या खोलीत असते. त्यामुळे मासे सभेचे मतदार नसले तरी रहिवासी होते.

"प्रत्येकाने आपल्याला काय जोडायचं ते सांगावं," चो म्हणाले. "एकूण पंधरा. सोळावा मिळणार नाही."

"बाबा, एक हब लावला तर?" च्या-रूने विचारले. "खाली कोपऱ्यावर मिळतो. एका खाचेच्या चार होतील."

चोंनी चष्मा काढला. "हब म्हणजे एकाच्या तिकिटावर चौघांनी सिनेमा पाहणं. कारखान्यात ज्याने हब लावून बोर्ड तपासला, त्याला मी दुसऱ्या दिवशी पॅकिंगला पाठवला."

"मग तो काय करतो आता?" पो-यानने विचारले.

"त्याचा हबचा कारखाना आहे. पण तो प्रश्न इथे नाही."

वाटप सुरू झाले. वेगवान वस्तूला एका निळ्या खाचेतले दोन्ही पोर्ट लागतात, तेव्हा पो-यानच्या डिस्कला दोन. च्या-रूचा फोन नवा, म्हणून त्याला दोन. व्हँकूवरच्या मुलीशी बोलायच्या कॅमेऱ्याला दोन. प्रिंटरला खरे तर एक पुरला असता. पण तो घरात सर्वांत जुना म्हणून मान राखून दोन.

"मग माझ्या दिव्याला?" पाओ-चू म्हणाल्या.

"ताई, माशांच्या दिव्याला पोर्ट लागतच नाही. त्याला नुसती वीज लागते. बंद पोर्टातही वीज असते."

"बंद पोर्टात वीज असते! ऐका. उद्या म्हणशील बंद दुकानात भाजी मिळते."

"आत्या, माशांना इंटरनेट हवंय का?" पो-यान म्हणाला.

"तुझ्या त्या गेमच्या खेळण्याला हवं, तर माझ्या माशांना का नको? आणि आ-श्वेई, हिच्या फोनला दोन आणि मला एक दिलास, तर मी शिक्का मारणार नाही. या घरात मी हिच्या तीस वर्षं आधी आले."

पाओ-चूंना दोन मिळाले. इतक्यात खालून कचऱ्याच्या गाडीचे सूर ऐकू आले, आणि सभा अकरा मिनिटे तहकूब करून सर्व सदस्य पिशव्या घेऊन जिना उतरले. परत आल्यावर ठराव मंजूर झाला, तो चोंच्या अक्षरात असा:

१. मायक्रोफोनची पेटी (यू-ल्वान), समोर: १
२. फोन (च्या-रू), समोर: २
३. बाहेरची डिस्क (पो-यान), मागे: २
४. गेमचा कंट्रोलर (पो-यान), मागे: १
५. चित्र काढण्याची पाटी (च्या-रू), मागे: १
६. प्रिंटर (सर्वांचा), मागे: २
७. कॅमेरा (सर्वांचा), मागे: २
८. माशांचा दिवा (पाओ-चू), मागे: २
९. लहान पंखा (पाओ-चू, माशांसमोर बसताना), मागे: १
१०. चहा कोमट ठेवणारी तबकडी (चिन-श्वेई), मागे: १
एकूण १५. समोरची उजवी खाच कुणी मागितली नाही. सबब ती बंद. आतला ब्लूटूथही बंद, त्याच्या बाजूने कुणी बोलले नाही.

खाली दोन कलमे होती. एक: हब निषिद्ध. दोन: या यादीतील कोणतीही वस्तू पाचही शिक्क्यांशिवाय हलवता येणार नाही. दुसरे कलम चोंनी मुद्दाम घातले. ऐन वेळी पो-यान मायक्रोफोनची पेटी काढून तिथे खेळणे लावील, अशी त्यांना धास्ती होती.

पाचही जणांनी आपापल्या नावाचे शिक्के मारले, कारण तैवानात सहीचे काम शिक्का करतो. पाओ-चूंनी त्यासाठी बँकेच्या लॉकरमधला जेडचा शिक्का आणला होता, कारण दुसरा त्यांच्या मते फक्त कुरिअरवाल्यासाठी असतो. शुक्रवारी सकाळी तो परत लॉकरमध्ये गेला. चोंनी कारखान्याचाच छापील नमुना वापरला असल्याने त्यावर सहावा चौकोनही होता: 'त्रयस्थ. यादी वाचली, त्रुटी आढळली नाही.' घरात त्रयस्थ कुणी नव्हते. तो चौकोन कोरा राहिला.

शुक्रवार आणि शनिवार नव्या नकाशात गेले. मागच्या आठही वायरी चोंनी एकत्र बांधून प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवली, पट्टीवर शिक्का मारला आणि यंत्र भिंतीला टेकवले. आठवड्यात यंत्र दोनशे चौदा वेळा बंद-चालू झाले. हिरवी पुडी दोनशे चौदा वेळा सरळ करण्यात आली.

रविवारी सकाळी सोयाचे दूध पिऊन चो यंत्रापाशी बसले. मायक्रोफोनची पेटी समोर डावीकडे जोडलेली होती. कार्यक्रम उघडून पाहिला, पेटी ओळखली. फोन, डिस्क, पाटी, सारे ओळखले. आता एकच पायरी उरली होती: आठवडाभर उठवून ठेवलेली पंधराची मर्यादा परत लागू करायची. नऊ बावन्नला त्यांनी ती केली आणि यंत्र दोनशे पंधराव्यांदा सुरू झाले.

नऊ चोपन्नला पडद्यावर चोंचे नाव आले आणि खाली पासवर्डाची रिकामी चौकट. सर्व पंधरा पोर्ट जागे होते. तबकडीवर चहा कोमट होता. दिव्याखाली मासे फिरत होते. यो बाई आल्या होत्या आणि पिपाच्या तारा लावत होत्या. यू-ल्वान त्यांच्या मागे हात जोडून उभ्या होत्या आणि पतीकडे पाहताना, आठ दिवसांत प्रथमच, त्यांच्या चेहऱ्यावर हसू होते.

चोंनी पासवर्ड टाइप केला. चौकट रिकामी राहिली.

त्यांनी पुन्हा टाइप केला. मग एकच कळ दाबली, जोरात. मग माउस हलवला. मग ते हळूच वाकले आणि समोरच्या उजव्या खाचेकडे पाहत राहिले. तिच्यात आठवडाभर तो नखाएवढा तुकडा बसला होता. मर्यादा उठवलेली होती तोवर ती खाच चालत होती. आता ती ठरावाप्रमाणे बंद होती. सभेत कीबोर्डाची बाजू कुणी मांडली नव्हती. तो चालतच होता, आणि जे चालतेच आहे त्याच्यासाठी पोर्ट मागायचे कुणाला सुचत नाही.

"काय झालं?" यू-ल्वान म्हणाल्या.

चोंनी सांगितले. त्यांनी काहीही लपवले नाही. तांत्रिक कारणासह सांगितले.

"मग त्या कॅमेऱ्याच्या जागी लावा की," पो-यान म्हणाला.

"कॅमेरा का? तुझं खेळणं काढ," च्या-रू म्हणाली.

"तुझी पाटी काय रविवारी चित्रं काढते?"

"अहो, तुमची तबकडी काढा!" यू-ल्वान ओरडल्या. "तुमचाच चहा, तुमचीच तबकडी!"

"पाच शिक्के लागतील," चो म्हणाले.

यो बाईंनी एक तार छेडून पाहिली.

"हा घ्या माझा." पो-यानने खिशातून शिक्का काढला. च्या-रूने काढला. यू-ल्वाननी पर्समधून काढून टेबलावर आपटला. सगळ्यांच्या माना पाओ-चूंकडे वळल्या.

"माझा बँकेत आहे," पाओ-चू म्हणाल्या. "मेल्या, हलव की! माझा दिवा हलव, पंखा हलव, मी कुठे नाही म्हणतेय? घरच्या माणसाला कसला शिक्का?"

"ठरावावर जो मारला तोच लागेल. बँक उद्या नऊला उघडते," चो म्हणाले.

"आ-श्वेई, तू लहानपणीही असाच होतास. आई म्हणायची, याला संडासला जायलाही चिठ्ठी लागते."

चोंच्या मनात त्या क्षणी काय चालले होते, हे सांगणे अवघड नाही. तबकडीची वायर काढायला चार सेकंद लागली असती. पण स्वतःच्या वस्तूसाठी स्वतःच लिहिलेले कलम मोडायचे, तर एकतीस वर्षे जो ट्रक उभा ठेवला तो कशासाठी? ते उठले नाहीत. चहाकडेही त्यांनी पाहिले नाही.

तेव्हा यू-ल्वान पुढे आल्या. मागच्या वायरी बांधलेल्या, पट्ट्या लावलेल्या आणि भिंतीला टेकलेल्या. समोर तीन खाचा. मधल्या बारक्या खाचेत फोनची वायर, आणि त्या खाचेत तो तुकडा बसतच नाही. हाताला लागण्यासारखी वायर एकच होती: त्यांची स्वतःची. ती त्यांनी उपटली आणि कीबोर्डाचा तुकडा त्या जागी ठोकला.

"घ्या. माझ्या वस्तूला तुमचा शिक्का नको."

चोंनी पासवर्ड टाइप केला. यंत्र उघडले. किती सुरेख उघडले! अकरा सेकंद चो जगातले सर्वांत सुखी निवृत्त तपासनीस होते. बाराव्या सेकंदाला ध्वनिमुद्रणाच्या कार्यक्रमाने नम्रपणे सुचवले: मायक्रोफोन जोडा.

मायक्रोफोन जोडायचा तर कीबोर्ड आणि माउस काढावे लागत. ते काढले, तर 'सुरू' हे बटण दाबायला काही उरत नसे. चोंनी ही अडचण मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी तपासली. ती दोन्ही बाजूंनी पक्की होती.

"मी हब आणते," च्या-रू म्हणाली आणि चपला न बदलताच जिना उतरली.

यो बाईंनी घड्याळ पाहिले, मग पिशवीतून आपला फोन काढला. त्याच्या काचेला एका कोपऱ्यात तडा होता. "मी आपली घरी यावरच करते," त्या म्हणाल्या. "आवाज बरा येतो. टेकवायला काही आहे का गं?"

यंत्रावर हिरवी पुडी होती. यू-ल्वाननी ती उचलून टेबलावर उभी केली आणि फोन तिला टेकवला. चोंचा हात अर्धा पुढे आला आणि थांबला. बाईंनी गायला सुरुवात केली. च्या-रू दहा एकोणीसला हब घेऊन परतली आणि दारातच थबकली. पहिल्या चिजेतला दुसरा शब्द अजून संपायचा होता.

तीन चिजांनंतर बाई थांबल्या. "सकाळी काही खाल्लं नाही मी," असे म्हणत त्यांनी फोन च्या-रूच्या हाती दिला, पुडी उचलली, फोडली, आणि सर्वांपुढे फिरवली. कुणी घेतले नाही. चो यंत्राकडे पाहत होते. यंत्राला काहीही झाले नाही. ते त्या दिवसापासून एकदाही बंद पडलेले नाही.

त्या सकाळी फोनवर पाच चिजा टिपल्या गेल्या. उरलेल्या सहा बाईंच्या गळ्यातच बाराच्या बसने लूकांगला परत गेल्या. तिसऱ्या चिजेच्या शेवटी कुरकुरीत काहीतरी चावल्याचा आवाज स्पष्ट येतो.

खोली मंडळाकडे गेली. चारशे बारा डब्या बाल्कनीत आहेत, ताडपत्रीखाली, लेबले बाहेर. दर मंगळवारी नऊ बायका त्या खोलीत बसतात आणि चो दारातल्या स्टुलावर. दोन शब्दांच्या मध्ये कधी कधी कुणीतरी म्हणते, "काका, जरा सरकता का?" चो सरकतात.

मात्र एक प्रश्न त्यांनी सोडला नाही: दोष यादीत होता की यादी करणाऱ्यांत? हे तपासायला त्यांनी ठरावाच्या प्रती काढल्या, ताज्या, आणि सहावा चौकोन भरून घेण्यासाठी त्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना, बँकेतल्या बाईंना आणि हबच्या कारखान्याच्या मालकालाही दिल्या. प्रत्येकाला आधी तो नखाएवढा तुकडा समोरच्या उजव्या खाचेत आहे हे सांगितले, मग यादी वाचायला दिली, आणि मग विचारले: यात काही राहिले आहे का? अडतीस जणांनी यादी वाचली. अडतीस जणांनी 'त्रुटी आढळली नाही' याखाली शिक्का मारला. चौघांनी तर अक्षराची तारीफ केली.

एकोणचाळिसावी प्रत वर छापली आहे. तुकडा कुठे आहे हे तिच्याआधीच सांगितले होते. वाचकाने ती आत्ताच वाचली, दहाही ओळी, आणि पाओ-चूंच्या माशांना हसत तो पुढे गेला. शिक्का नसल्यास सही चालेल.

यादी वाचणारे: एकोणचाळीस. वाचताना थांबून 'कीबोर्ड कुठे आहे?' असे विचारणारे: शून्य.